गळती दिलेली आहे

आमच्या सासऱ्यांकडे बघून मला मळमळतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की सुनेनं आडपडदा ठेवला. माणूस वाईट नाही. शिवीगाळ नाही, व्यसन नाही, आवाज चढवणं नाही. पण रोज सकाळी अंगणातल्या हौदाच्या झाकणाशी उकिडवे बसतात, खुणा केलेली काठी पाण्यात बुडवून वर काढतात, ओल्या खुणेवर अंगठा दाबतात आणि घरात येऊन तोच अंगठा जिभेला लावून वर्तमानपत्राचं पान उलटतात. लग्न होऊन आले तेव्हापासून हे बघते आहे आणि तेव्हापासून सकाळचा चहा मी त्यांच्याकडे पाठ करून पिते.

सगळी इमारत त्यांना मास्तर म्हणते. शाळेत गणित शिकवायचे. त्यातही काळ, काम, वेग आणि त्रैराशिक हा त्यांचा हातखंडा. इतर मास्तर ज्या उदाहरणांना हात लावायला घाबरायचे, ती हे मिटक्या मारत सोडवायचे. आठ गडी एक भिंत इतक्या दिवसांत बांधतात, तर बारा गडी किती दिवसांत? दोन गाड्या समोरासमोरून निघाल्या, तर कुठे भेटतील? त्यांची पद्धत अगदी साधी. फळ्याच्या एका बाजूला ‘दिलेले’ लिहायचं, दुसऱ्या बाजूला ‘काढायचे’. मग स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, हे वाढलं की ते वाढतं की घटतं? वाढत असेल तर सम, घटत असेल तर व्यस्त. एवढं कळलं की पुढे नुसती गुणाकार-भागाकाराची हमाली. त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं अजून रस्त्यात थांबवून सांगतात, मास्तर, तुमच्यामुळे पास झालो. ते खरंच आहे, मी नाकारत नाही.

पण त्या पद्धतीत एक नियम होता, आणि तो त्यांनी शाळेत ठेवून यायचा तर घरी आणला. दिलेल्याशी भांडायचं नाही. एका पोरानं म्हणे वर्गात विचारलं होतं, सर, आठातला एक गडी आजारी पडला तर? त्याला तासभर उभं केलं. आजारी पडल्याचं उदाहरणात दिलेलं नाही, मग तू कोण आजारी पाडणारा? ही गोष्ट ते कौतुकानं सांगतात. शेवटी स्वतःच हसतात आणि खोकला येईपर्यंत हसतात.

सासूबाईंचा हात थरथरतो. कपातला पाव हिस्सा चहा बशीत सांडतो. मी नवीन होते, मला वाटलं आता यांना डॉक्टरकडे नेतील. मास्तरांनी थोडे दिवस नीट पाहिलं, किती सांडतो त्याचा अंदाज घेतला आणि मला सांगितलं, "हिच्या वाटणीचं आधण जरा वाढवून ठेवत जा. सांडून बरोबर एक कप पोटात गेला पाहिजे." आधण वाढलं. आता सासूबाईंचा अर्धा कप सांडतो, साडी भिजते, आणि मी आणखी मोठं पातेलं चढवते. पुढे माझ्या नवऱ्यानं आपण होऊन त्यांना डॉक्टरकडे नेलं असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं माझा नवरा पाहिलेला नाही. तो त्याच फळ्यावर शिकलेला आहे.

आता हौदाचं सांगते.

इमारत जुनी, तीन मजल्यांची. आम्ही तळाला, डोक्यावर शिंपी, वर आणखी बिऱ्हाडं. नळाचं पाणी पहाटे येतं, अंगणातल्या जमिनीखालच्या हौदात पडतं आणि तिथून पंपानं गच्चीवरच्या टाकीत चढतं. हौदाच्या झाकणाला कुलूप. किल्ली मास्तरांच्या गळ्यात, काळ्या दोरीत. अंघोळीलाही ती उतरत नाही. हौदाला लागून, हात पसरला तर पोचेल इतक्या अंतरावर, गटाराचं चेंबर आहे. त्याचं झाकण फुटकं. कडेनं काळपट पाणी पाझरत असतं, त्यावर साबणाचा फेस आणि काय काय तरंगतं ते मी लिहीत नाही. तिथून जाताना आम्ही सगळे टाचा उचलून, श्वास धरून जातो. पाहुण्यांनाही आम्ही आधी हेच शिकवतो.

हौद गळायचा. माझ्या लग्नाआधीपासून गळत होता. भिंतीला कुठेतरी तडा होता आणि रात्रभरात चार बोटं पाणी उतरायचं. शिंपी म्हणाला, गवंडी बोलावू. मास्तरांनी त्याला समोर बसवून समजावलं. गवंडी बोलवायचा तर हौद उपसावा लागेल, सिमेंट वाळेपर्यंत इमारत कोरडी बसेल, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी बादल्या कुठून आणायच्या? त्यापेक्षा गळतीचा वेग ठाऊक आहे ना, मग झालं तर. पंप कधी लावायचा, किती वेळ चालवायचा, ते आपण त्या हिशेबानं बसवू. आणि बसवलं की हो. गच्चीवरची टाकी एकदाही रिकामी पडली नाही. सगळी बिऱ्हाडं तोंडभरून स्तुती करायची. एका साध्या तड्यावर इतकी अक्कल खर्च केलेली मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

माझी मुलगी टिल्ली त्यांची फार लाडकी. तिला मांडीवर घेऊन उदाहरणं घालायचे. "समजा, एक हौद आहे. वरचा नळ तो सहा तासांत भरतो. तळाचं छिद्र तोच भरलेला हौद बारा तासांत रिकामा करतं. दोन्ही चालू ठेवले तर हौद किती वेळात भरेल?" टिल्लीला अजून बारापर्यंत नीट मोजता येत नव्हतं. मग तेच सोडवून दाखवायचे. तासाला एक षष्ठांश येतं, एक द्वादशांश जातं, उरतं एक द्वादशांश, म्हणजे बारा तास. एकदा टिल्ली म्हणाली, "आजोबा, ते भोक कुणी बुजवत का नाही?"

"गळती दिलेली आहे, बाळा," मास्तर म्हणाले आणि तिच्या केसांतून हात फिरवला. तोच अंगठा.

मी दूध डेअरीत कामाला आहे. कॅन येतात, मी झाकण उचलते आणि नाक सांगतं, हे घ्या, हे परत पाठवा. यंत्रं आहेत, तीही मान हलवतात, पण माझ्यानंतर. घरात मात्र या नाकाची चेष्टाच चालते. फ्रीज उघडून मी तोंड वाकडं केलं की नवरा म्हणतो, आली तपासणी. सासूबाई म्हणतात, तुला सगळं जगच नासलेलं लागतं. मास्तर काही म्हणत नाहीत, नुसते हसतात. त्यांचं स्वतःचं नाक जन्मभर खडूची धूळ खाऊन बसलेलं आहे. करपलेलं दूध आणि अत्तर त्यांच्यापुढे धरलं तर दोन्हींना "छान" म्हणतील.

मग नळाचं पाणी कमी झालं. पूर्वी दोन तास यायचं ते तासभरच येऊ लागलं. इमारतीत कुरबूर सुरू झाली, आणि आमचे मास्तर, खरं सांगते, दहा वर्षांनी तरुण झाले. अंगणात येरझाऱ्या, ओठांतल्या ओठांत पुटपुट. एका संध्याकाळी सगळ्यांना जमवून त्यांनी शोध जाहीर केला. हौदात पाणी जितकं उंच, तितका तड्यावर दाब जास्त, तितकी गळती जास्त. हे वाढलं की ते वाढतं! तर मग हौद भरलेला ठेवायचाच कशाला? पहाटे पाणी पडलं की लगोलग सगळं गच्चीवर चढवायचं. हौदातलं पाणी तळाशीच ठेवायचं. पातळी कमी, गळती कमी.

शिंपी म्हणाला, "मास्तर, तुमचं डोकं म्हणजे..." आणि पुढे त्याला शब्द सुचला नाही.

आणि खरंच गळती घटली. चार बोटांवरून दोनवर आली, मग एकावर. रोज संध्याकाळी आणि पहाटे नळ यायच्या आधी काठी बुडायची आणि रोज सासरे आत येऊन सगळ्यांना बोटं दाखवायचे. मग एका सकाळी ते आले ते धोतराचा सोगा हातात धरून, जवळजवळ धावतच. "काल संध्याकाळपेक्षा एक बोट वर! उतरलं नाही, वर आहे! गाळ बसून तडा आपोआप बुजला!" सासूबाईंनी थरथरत्या हातांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्यानं वडिलांच्या पाठीवर थाप मारली. मी मोरीत चूळ भरत होते. भरलेली चूळ मी थुंकून टाकली, कारण पाण्याला वास होता.

कसला वास ते मला डेअरीत कुणी शिकवलं नव्हतं, शिकवावं लागलंही नाही. मी म्हटलं, "बाबा, पाण्याला घाण येते आहे." मास्तरांनी माझ्या हातातून पेला घेतला, नाकाशी धरला आणि एका दमात पिऊन टाकला. "कुठे काय?" त्यांच्या घशाची गाठ वरखाली झाली ती अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. संताप याचा की त्यांना काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ठणठणीत काठी घेऊन हौदावर हजर, आणि नवरा मला म्हणतो, बघ, तुझं आपलं उगाच.

मी पिण्याचं पाणी उकळायला लागले. कळशी वेगळी, झाकण वेगळं, टिल्लीचा पेला वेगळा. पण ती दात घासताना नळाचंच पाणी तोंडात घ्यायची, अंघोळीला बसली की ओंजळीनं प्यायची. पोरांच्या तोंडाला कुठवर पहारा देणार?

टिल्लीला उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. संध्याकाळपर्यंत तिचे डोळे खोल गेले आणि ती रडायचीही थांबली. रडत होती तोवर मला बरं वाटत होतं. दवाखान्यात नेलं तर नर्सला शीरच सापडेना. दोनदा टोचलं, तिसऱ्यांदा लागली. सलाईन चालू झालं. डॉक्टरांनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. मग मला विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

मी म्हटलं, "हौदातलं." आणि त्यांच्याशी बोलता बोलता माझ्या डोक्यात ते एक बोट आलं. गळती थांबली असती तर पाणी जिथल्या तिथे राहिलं असतं. वाढलं कसं?

टिल्ली थोडी सावरली, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर तिला बघायला आले. काही वेळ उशाशी उभे राहिले. मला वाटलं, हा माणूस आता रडतो की काय. जवळ जाऊन पाहते तर ते हातातल्या घड्याळाकडे बघत सलाईनचे थेंब मोजत होते. "मिनिटाला वीस," ते मला म्हणाले, "याच वेगानं गेलं तर बाटली साडेचारच्या सुमाराला संपेल. नर्सला सांगून ठेव."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण पोरगी झोपली होती. मी त्यांना दंडाला धरून बाहेर व्हरांड्यात आणलं. आयुष्यात पहिल्यांदा मी सासऱ्यांच्या अंगाला हात लावला.

"बाबा, एक उदाहरण घालते."

"आत्ता?"

"आत्ता. एक हौद आहे. नळ बंद, पंप बंद. भिंतीला तडा आहे. रात्रभरात पाणी एक बोट वाढतं. तर ते आलं कुठून?"

त्यांनी सवयीनं मान तिरकी केली. "माहिती अपुरी आहे."

"घ्या माहिती. तड्याच्या पलीकडे हातभर अंतरावर गटाराचं चेंबर आहे. ते काठोकाठ तुंबलेलं आहे. हौदातलं पाणी तळाशी आहे."

त्यांचे ओठ हलायला लागले. आणि मग, वर्गात बोलायच्या त्याच शांत, स्वच्छ आवाजात त्यांनी ते माझ्यासमोर सोडवलं. "तडा बुजला असता तर पातळी तेवढीच राहिली असती. पातळी वाढली, म्हणजे तडा उघडा आहे. हौद भरलेला होता तोवर आतली उंची जास्त, म्हणून पाणी बाहेर जात होतं. मी उंची उतरवली. आता बाहेरची जास्त. म्हणजे जे बाहेर आहे ते आत..." इथे थांबतील असं मला वाटलं. थांबले नाहीत. "आणि एक बोट नुसत्या रात्रीचं. दिवसाही येतच असणार. म्हणजे हौदाच्या तळाच्या मानानं, रोज साधारण..."

"पुरे!" मी ओरडले. व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. "पुरे करा. तुम्ही तिला गटार पाजलंत आणि आता ते किती लिटर होतं ते मला सांगताय?"

त्यांचं तोंड उघडं राहिलं. वयस्कर माणसाचं उघडं तोंड, पिवळे दात, ओठाच्या कोपऱ्यात सुकलेली थुंकी. मला दया यायला हवी होती. मला ओकारी येत होती.

"उद्या टिल्लीला सोडणार आहेत," मी म्हटलं. "तो हौद उघडून उपसल्याशिवाय मी तिला त्या घरात आणणार नाही. माहेरी नेईन, कायमची नेईन. द्या ती किल्ली."

"सगळ्या बिऱ्हाडांना विचारावं लागेल," ते म्हणाले, "पाणी बंद राहणार म्हटल्यावर..." आणि माझ्याकडे बघून त्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. किल्ली दिली नाहीच. छातीवर हात दाबून धरला आणि जिना उतरून गेले.

पण गेले ते हौदावरच. संध्याकाळी नवऱ्याला टिल्लीपाशी बसवून मी घरी आले तेव्हा झाकण उघडं होतं, पंपाची नळी रस्त्याकडच्या नालीत सोडलेली होती आणि सगळी इमारत अंगणात उभी होती. मी ओढणी नाकाला बांधली. पाणी उतरत गेलं आणि जे दिसायचं ते दिसलं. तळाला काळा, चिकट गाळ, हात बुडेल इतका जाड. भिंतीवर हिरवं-काळं बुळबुळीत अस्तर. आणि तड्यातून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, एक बारीक धार आत येत होती. अजूनही. तिच्यात भाताची शितं होती. कुणाच्या तरी पोटातून किंवा ताटातून आलेली. शिंपी भिंतीशी जाऊन भडाभडा ओकला. मग तोंड पुसून त्यानं मास्तरांकडे बघितलं आणि जिना चढून गेला. मास्तर काठी हातात धरून उभे होते. काठीला आता मोजायला काही नव्हतं.

रात्री इमारत कोरडी राहिली आणि कुणी मेलं नाही. सकाळी सफाईवाल्यांनी चेंबर मोकळं केलं, हौद खरवडून घासला. गवंडी आला, तड्यात बोट घालून बघितलं, म्हणाला, "एवढंच?" जेवायच्या सुट्टीआधी त्याचं काम संपलं. सिमेंट वाळेपर्यंत बिऱ्हाडांनी कोपऱ्यावरून बादल्या आणल्या. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या बादल्या तरण्यांनी आणल्या. यातलं काहीही अवघड नव्हतं, आणि इतकी वर्षं ते अवघड आहे असं ऐकून आम्ही माना डोलवत होतो. त्या डोलणाऱ्या मानांत माझीही एक होती, याचीही मला किळस येते.

टिल्लीला मी हौद पुन्हा भरल्यावर आणली, तोवर माहेरी ठेवली. आली तेव्हा पार वाळली होती. मनगटावर सुईचा निळा डाग, फ्रॉक खांद्यावरून घसरणारा. सासूबाईंनी तिला कुशीत घेतलं. मास्तर लांब खुर्चीवर बसून होते. त्या दिवसापासून ते कुणाशी फारसं बोलत नव्हते. मला बरंच वाटत होतं. टिल्लीच मग त्यांच्याकडे गेली आणि चढून मांडीवर बसली.

मी आत कणीक मळत होते. मास्तरांचा आवाज आला, खालच्या पट्टीत. "समजा, एक हौद आहे."

माझा हात थांबला.

"एका बाजूनं नळाचं चांगलं पाणी येतं, तो हौद सहा तासांत भरतो. दुसऱ्या बाजूला तडा आहे, त्यातून घाण पाणी आत येतं. तडा एकटा तोच हौद साठ तासांत भरतो. दोन्ही चालू असतील, तर भरलेल्या हौदात घाण पाणी किती?"

नवीन उदाहरण! इतके दिवस तोंड मिटून हा माणूस त्याचं नवीन उदाहरण रचत बसला होता. लिटर सांगू नका म्हटलं, तर त्यानं लिटरचा हिस्सा केला. मी कणकेनं भरलेले हात घेऊनच बाहेर आले. पोर त्यांच्या मांडीवरून ओढून घ्यायची आणि नंतर जे काय व्हायचं ते होऊ दे, असं ठरवूनच आले.

पण टिल्ली आधीच बोलत होती. "आजोबा, त्या हौदातलं पाणी कोण पितं?"

"ते... ते उदाहरणात दिलेलं नाही."

"पण कोण पितं?"

आमच्या सासऱ्यांनी जन्मभर हौद भरले आणि रिकामे केले. हजारो भरले असतील. दोन नळांनी, तीन नळांनी, तळाला छिद्र ठेवून, छिद्राशिवाय. त्यातलं पाणी कुणी प्यायलं की नाही, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी टिल्लीच्या मनगटावरच्या निळ्या डागाकडे बघितलं. हनुवटी थरथरायला लागली, सासूबाईंचा हात थरथरतो तशी.

"तू," ते म्हणाले. "तू पितेस, बाळा."

टिल्लीनं मान हलवली. तिचं समाधान झालं, ती उतरून आजीकडे गेली. मास्तरांनी डोक्यावरून काळी दोरी काढली. कित्येक वर्षांच्या घामानं ती कडक झाली होती, कानाला अडकली, त्यांनी ती ओढून सोडवली आणि किल्ली माझ्या कणकेच्या हातावर ठेवली. त्यांना काही बोलायचं होतं. मी ऐकायला थांबले नाही.

मोरीत जाऊन मी ती किल्ली साबण लावून घासली, दोरी कापून फेकून दिली, दुसरी ओवली आणि गळ्यात घातली.